बिल व्हुकोविच

विल्यम जॉन व्हुकोविच, प्रचलित नाव बिल व्हुकोविच (१३ डिसेंबर १९१८ – ३० मे १९५५), हा अमेरिकन मोटारशर्यतपटू होता. इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेतील सर्वांत प्रतिष्ठेची मोटारशर्यत त्याने १९५३ आणि १९५४ अशी सलग दोन वर्षे जिंकली. १९५२ मध्ये विजय अवघ्या काही फेऱ्यांवर आलेला असताना यांत्रिक बिघाडामुळे त्याला शर्यत सोडावी लागली. १९५५ मध्ये सलग तिसऱ्या विजयाच्या दिशेने आघाडीवर असताना झालेल्या अपघातात त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

इंडियानापोलिसच्या पाच शर्यतींत व्हुकोविचने एकूण ६७६ फेऱ्या पूर्ण केल्या आणि त्यांपैकी ४८५ फेऱ्यांमध्ये तो आघाडीवर होता. म्हणजेच या धावमार्गावर त्याने पार केलेल्या अंतरापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अंतर तो सर्वांच्या पुढे होता. १९५० ते १९६० या काळात इंडियानापोलिस ५०० ही शर्यत फॉर्म्युला वनच्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत मोजली जात असल्याने व्हुकोविचची नोंद विश्व अजिंक्यपद शर्यतींच्या विजेत्यांमध्येही होते.

प्रारंभिक जीवन

व्हुकोविचचा जन्म कॅलिफोर्निया राज्यातील अलामेडा येथे एका सर्बियन वंशाच्या स्थलांतरित कुटुंबात झाला. त्याचे बालपण त्याच राज्याच्या मध्यभागातील फ्रेस्नो शहराच्या परिसरात गेले. हा भाग द्राक्षे, कापूस आणि फळबागांसाठी प्रसिद्ध आहे. व्हुकोविच कुटुंबाची उपजीविका शेतीवर चालत असे.

१९२९ नंतर आलेल्या जागतिक महामंदीचा फटका कॅलिफोर्नियातील लहान शेतकऱ्यांना मोठ्या प्रमाणावर बसला. १९३२ मध्ये व्हुकोविचच्या वडिलांचे निधन झाले. कुटुंबाचा भार मुलांवर आला. बिल आणि त्याचा भाऊ एली यांना शिक्षण अर्धवट सोडून मिळेल ते काम करावे लागले. शेतमाल वाहून नेण्याच्या गाड्या चालवणे आणि दुरुस्त करणे ही कामे त्यांत होती. पुढे व्हुकोविचच्या कारकिर्दीत दिसून आलेली काटकसर, अबोलपणा आणि कष्टाची सवय यांचे मूळ या काळात शोधले जाते.

१९३८ मध्ये फ्रेस्नो येथील फ्रेड गेरहार्ट याच्या मालकीच्या जुन्या, बदल केलेल्या मोटारीतून त्याने शर्यतींना सुरुवात केली. एली आणि माइक हे त्याचे भाऊही शर्यतींत उतरले होते. मात्र त्या काळी शर्यत हा छंद नव्हता. विजेत्याला मिळणारी थोडीफार रक्कम घरखर्चाला उपयोगी पडत असे, आणि मोटार मोडली तर तिच्या दुरुस्तीचा खर्च त्याच रकमेतून करावा लागे.

मिजेट मोटारींच्या शर्यती

व्हुकोविचची खरी जडणघडण मिजेट मोटारींच्या शर्यतींत झाली. मिजेट म्हणजे आकाराने अगदी लहान, वजनाने हलकी आणि पुढील बाजूस इंजिन असलेली एकआसनी मोटार. एका मैलाच्या पंचमांश ते अर्धा मैल लांबीच्या मातीच्या किंवा डांबरी अंडाकृती धावमार्गांवर या मोटारी धावत. मार्ग आखूड असल्याने मोटारी जवळजवळ सतत वळणावरच असत. चाके घसरत असतानाच मोटार ताब्यात ठेवणे आणि गर्दीतून फट शोधून पुढे जाणे हे कौशल्य येथे निर्णायक ठरे. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात हा खेळ विलक्षण लोकप्रिय झाला. लॉस एंजेलिस येथील गिलमोर स्टेडियम हे त्याचे प्रमुख केंद्र होते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील मोटारशर्यती थांबल्या. या काळात व्हुकोविच लष्करी जीप आणि मालमोटारींच्या दुरुस्तीचे काम करीत होता. युद्ध संपताच शर्यती पुन्हा सुरू झाल्या. युनायटेड रेसिंग असोसिएशन या पश्चिम किनाऱ्यावरील संघटनेचे मिजेट अजिंक्यपद त्याने १९४५ आणि १९४६ मध्ये जिंकले. त्याच्या लाल रंगाच्या मिजेटला ड्रेक बनावटीचे इंजिन होते. अनेक प्रतिस्पर्धी अधिक ताकदीची ऑफेनहाउझर इंजिने वापरत असतानाही तो या मोटारीतून जिंकत राहिला.

१९४८ मध्ये त्याने गिलमोर स्टेडियमवरील टर्की नाइट ग्रां प्री ही मिजेट मोटारींची नामांकित शर्यत जिंकली. पुढे हे स्टेडियम पाडण्यात आले. तेथे झालेल्या अखेरच्या आठ शर्यतींपैकी सहा शर्यती व्हुकोविचच्या नावावर आहेत. १९५० मध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनचे राष्ट्रीय मिजेट अजिंक्यपद त्याने मिळवले. अमेरिकेतील प्रमुख मोटारशर्यतींचे नियमन तेव्हा हीच संघटना करीत असे.

याच काळात त्याला दोन टोपणनावे मिळाली. आक्रमक चालकशैलीमुळे त्याला ‘मॅड रशियन’ म्हणजे वेडा रशियन म्हटले जाऊ लागले, जरी त्याचा रशियाशी काहीही संबंध नव्हता. दुसरे नाव ‘सायलेंट सर्ब’ म्हणजे अबोल सर्ब असे होते. ते त्याच्या वंशाला आणि स्वभावाला धरून होते.

इंडियानापोलिस ५०० ची पार्श्वभूमी

इंडियाना राज्यातील इंडियानापोलिस मोटर स्पीडवे हा धावमार्ग १९०९ मध्ये बांधला गेला आणि १९११ पासून तेथे पाचशे मैलांची शर्यत होऊ लागली. अडीच मैल (सुमारे ४ किलोमीटर) लांबीच्या या आयताकृती मार्गाला चार वळणे आहेत. पाचशे मैलांचे, म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटरचे अंतर पूर्ण करण्यासाठी २०० फेऱ्या माराव्या लागतात. सुरुवातीच्या काळात संपूर्ण मार्गावर विटा बसवलेल्या होत्या. व्हुकोविचच्या काळापर्यंत मुख्य सरळ पट्टा वगळता बहुतेक भागावर डांबर आले होते.

त्या काळी ही शर्यत साधारणपणे ३० मे रोजी, हुतात्मा सैनिकांच्या स्मृत्यर्थ पाळल्या जाणाऱ्या मेमोरियल डेच्या दिवशी होत असे. मे महिन्यात सराव आणि पात्रताफेऱ्या चालत. पात्रताफेरीत प्रत्येक चालकाला एकट्याने चार फेऱ्या मारून सरासरी वेग नोंदवावा लागे आणि त्यातून ३३ मोटारींची निवड होई. पहिल्या दिवशी पात्र ठरलेल्या मोटारी पुढे उभ्या केल्या जात. नंतरच्या दिवशी अधिक वेग नोंदवणाऱ्या चालकालाही त्यांच्या मागेच स्थान मिळत असे. व्हुकोविचच्या १९५४ मधील विजयाचे महत्त्व समजून घेण्यासाठी हा नियम लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

सुरक्षेची साधने अत्यंत तुटपुंजी होती. चालकाचे डोके आणि खांदे मोटारीबाहेर उघडे असत. मोटार उलटल्यास त्याचे रक्षण करणारी लोखंडी कमान नव्हती. आगीपासून बचाव करणारे कपडेही सर्रास वापरात नव्हते. अनेक चालक साध्या सुती शर्टात शर्यतीत उतरत.

१९५० आणि १९५१

व्हुकोविच १९५० मध्ये प्रथम इंडियानापोलिसला आला. विल्बर शॉने १९३९ आणि १९४० ची शर्यत ज्या माझेराटी मोटारीतून जिंकली होती, त्याच मोटारीत त्याने नवोदित चालकांसाठीची चाचणी पूर्ण केली. मात्र दहा वर्षांहून जुन्या त्या मोटारीचा वेग आता अपुरा होता आणि तो शर्यतीसाठी पात्र ठरू शकला नाही.

१९५१ मध्ये त्याने सेंट्रल एक्स्कॅव्हेटिंग स्पेशल या मोटारीतून पदार्पण केले. विसाव्या स्थानावरून सुरुवात करून त्याने वेगाने अनेक मोटारी मागे टाकल्या. परंतु तेलाच्या टाकीतील बिघाडामुळे २९ फेऱ्यांनंतर त्याला थांबावे लागले. निकाल सामान्य असला तरी या थोड्या वेळातील त्याच्या चालवण्याने जाणकारांचे लक्ष वेधून घेतले.

१९५२: हुकलेला विजय

१९५२ साठी तेल उद्योजक हॉवर्ड केक याने व्हुकोविचला आपल्या संघात घेतले. जिम ट्रॅव्हर्स आणि फ्रँक कून हे या संघाचे मेकॅनिक होते. दोघेही अत्यंत काटेकोर म्हणून ओळखले जात. त्यांच्यासाठी रचनाकार फ्रँक कर्टिसने नव्या धर्तीची मोटार तयार केली. आधीच्या मोटारींत इंजिनाची शक्ती मागील चाकांपर्यंत नेणारा दांडा चालकाच्या आसनाखालून जात असल्याने चालक उंच बसत असे. कर्टिसच्या मोटारीत हा दांडा डाव्या बाजूला सरकवून चालकाला त्याच्या उजवीकडे खाली बसवले होते. त्यामुळे मोटारीची उंची आणि गुरुत्वमध्य दोन्ही खाली आले आणि वळणांवरचा वेग वाढला. पुढे ‘रोडस्टर’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या रचनेने साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत इंडियानापोलिसवर वर्चस्व गाजवले. केकच्या मोटारीचे नाव फ्युएल इंजेक्शन स्पेशल असे होते.

शर्यतीत व्हुकोविचने आठव्या स्थानावरून सुरुवात केली आणि थोड्याच फेऱ्यांत आघाडी घेतली. २०० पैकी १५० फेऱ्यांत तो पुढे होता. अखेरच्या टप्प्यात सुकाणू जड होऊ लागल्याचे त्याच्या लक्षात आले होते. तरीही त्याने मोटार चालू ठेवली. १९२ व्या फेरीत सुकाणूयंत्रणेतील एक खीळ तुटली. चाके वळवता येत नसलेली मोटार इतरांच्या मार्गात जाऊ न देता त्याने ती बाहेरील भिंतीला घासत घासत थांबवली. विजय केवळ नऊ फेऱ्या दूर होता.

मागून येणारा २२ वर्षांचा ट्रॉय रटमन पुढे निघून गेला आणि या शर्यतीचा सर्वांत तरुण विजेता ठरला. हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. व्हुकोविचची नोंद सतराव्या क्रमांकावर झाली. शर्यतीतील सर्वांत वेगवान फेरी मात्र त्याचीच होती. त्याच वर्षी त्याने डेट्रॉइट आणि डेन्व्हर येथील राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेतील मातीच्या मार्गावरील शर्यती जिंकल्या.

१९५३: पहिला विजय

१९५३ मध्ये व्हुकोविच त्याच संघासह आणि त्याच मोटारीसह परतला. पात्रताफेरीच्या पहिल्या दिवशी पावसाची चिन्हे होती. त्याच्या चार फेऱ्या संपण्याआधीच पाऊस सुरू झाला. ओलसर मार्गावरही त्याने ताशी १३८.३९२ मैल (सुमारे २२२.७ किमी) सरासरी वेग नोंदवून पहिले प्रारंभस्थान मिळवले.

शर्यतीचा दिवस असह्य उष्णतेचा होता. हवेचे तापमान नव्वद अंश फॅरनहाइटच्या पुढे गेले होते आणि धावमार्ग त्याहून कितीतरी अधिक तापला होता. इंजिनाच्या मागे, मेथॅनॉलच्या धुरात तासन्‌तास बसलेले चालक एकामागून एक थकून पिटमध्ये येऊ लागले. अनेक मोटारींत पर्यायी चालक बसवावे लागले. त्या काळी नियमांनुसार याला परवानगी होती. कार्ल स्कारबरो हा चालक आपली मोटार दुसऱ्याच्या हाती सोपवून उतरला आणि उष्माघाताने त्याचा मृत्यू झाला.

व्हुकोविचने पूर्ण पाचशे मैलांचे अंतर एकट्याने पार केले. २०० पैकी १९५ फेऱ्यांत तो आघाडीवर होता. उरलेल्या पाच फेऱ्यांत त्याने इंधन आणि टायरसाठी थांबा घेतल्यामुळे इतर चालक तात्पुरते पुढे गेले होते. त्याचा सरासरी वेग ताशी १२८.७४० मैल (सुमारे २०७.२ किमी) होता. दुसऱ्या क्रमांकावरील आर्ट क्रॉस तीन मिनिटांहून अधिक मागे राहिला. वर्षभरापूर्वी एका लहानशा सुट्या भागामुळे हुकलेला विजय अशा रीतीने निर्विवादपणे त्याच्या पदरात पडला.

१९५४: दुसरा विजय

१९५४ ची सुरुवात मात्र अनुकूल नव्हती. आता तीन मोसम जुन्या झालेल्या मोटारीच्या इंजिनात सरावादरम्यान बिघाड झाले आणि पहिल्या दिवशीच्या पात्रताफेरीची संधी गेली. जॅक मॅकग्राने ताशी १४१.०३३ मैल वेग नोंदवून पहिले स्थान मिळवले. या मार्गावर पात्रताफेरीत १४० मैलांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला चालक ठरला. व्हुकोविच नंतर ताशी १३८.४७८ मैल वेगाने पात्र झाला आणि त्याला एकोणिसावे स्थान मिळाले.

गतविजेत्याला सातव्या रांगेतून सुरुवात करावी लागत असल्याने या वर्षी त्याच्या विजयाची शक्यता कमी मानली जात होती. शर्यतीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच त्याने हा अंदाज खोटा ठरवला. ६१ व्या फेरीत तो प्रथम आघाडीवर आला. त्यानंतर मॅकग्रा आणि जिमी ब्रायन यांच्याशी त्याची चुरस चालू राहिली. १५० व्या फेरीत त्याने घेतलेली आघाडी अखेरपर्यंत टिकली. ब्रायनच्या मोटारीचे धक्के शोषणारे भाग निकामी झाले होते, तरीही तो दुसरा आला. मॅकग्राला तिसरे स्थान मिळाले.

व्हुकोविचचा सरासरी वेग ताशी १३०.८४० मैल (सुमारे २१०.६ किमी) होता. तो या शर्यतीचा तोपर्यंतचा विक्रम होता. पाचशे मैलांच्या अंतरात १३० मैलांचा टप्पा प्रथमच ओलांडला गेला. विल्बर शॉ आणि मॉरी रोझ यांच्यानंतर सलग दोनदा ही शर्यत जिंकणारा तो तिसरा चालक ठरला.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने मेक्सिकोतील कारेरा पानामेरिकाना या खुल्या रस्त्यांवरील दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत लिंकन मोटार चालवली. पहिल्याच टप्प्यात डोंगराळ रस्त्यावर त्याची मोटार उलटून खाली कोसळली. या अपघातातून तो बचावला.

१९५५: अखेरची शर्यत

१९५५ मध्ये हॉवर्ड केकचा संघ शर्यतीत उतरला नाही. व्हुकोविच लिंडसे हॉपकिन्सच्या संघात गेला. ट्रॅव्हर्स आणि कून हे त्याचे मेकॅनिकही त्याच्यासोबत तेथे आले. हॉपकिन्स स्पेशल ही चार क्रमांकाची मोटारही कर्टिस बनावटीचीच होती. व्हुकोविचने पाचव्या स्थानावरून सुरुवात केली. सलग तीन विजय तोवर कोणालाही मिळवता आले नव्हते आणि आजवरही कोणाला साधलेले नाहीत. त्यामुळे सर्वांचे लक्ष त्याच्याकडे लागले होते.

चौथ्या फेरीत त्याने मॅकग्राला मागे टाकले. त्यानंतर दोघांमध्ये अत्यंत चुरशीची लढत झाली आणि आघाडी अनेकदा बदलली. २७ व्या फेरीपासून व्हुकोविच पुढे राहिला. याच काळात त्याने ताशी १४१.३५४ मैल वेगाची, त्या शर्यतीतील सर्वांत वेगवान फेरी नोंदवली. पन्नास फेऱ्या उलटल्यानंतर मॅकग्राची मोटार बंद पडली आणि व्हुकोविचला जवळपास कोणीही प्रतिस्पर्धी उरला नाही.

५७ व्या फेरीत तो मागील फळीतील मोटारींना एक फेरी मागे टाकण्याच्या बेतात होता. दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना त्याच्या पुढे असलेल्या रॉजर वॉर्डच्या मोटारीचा आस तुटला. ती भिंतीवर आदळून उलटली. तिला चुकवण्यासाठी अल केलरने आपली मोटार आतल्या बाजूला वळवली. ती पुन्हा मार्गावर येताना जॉनी बॉइडच्या मोटारीवर आदळली आणि बॉइडची मोटार थेट व्हुकोविचच्या मार्गात ढकलली गेली. मागील सरळ पट्ट्यावर पूर्ण वेगात असलेल्या व्हुकोविचला वाट उरली नाही. त्याची मोटार त्या मोटारीवर आदळून बाहेरील भिंतीवरून उडाली, अनेक कोलांट्या घेत धावमार्गाबाहेर पडली आणि पेटली. कवटीच्या तळाशी झालेल्या अस्थिभंगामुळे त्याचा मृत्यू झाला.

एड एलिसियन या चालकाने आपली मोटार मार्गातच थांबवली आणि मित्राला वाचवण्यासाठी तो अपघातस्थळाकडे धावला. तोपर्यंत उशीर झाला होता. वॉर्ड, केलर आणि बॉइड हे तिघेही बचावले. शर्यत काही काळ संथ गतीने चालू ठेवण्यात आली. अखेर बॉब स्वाइकर्ट विजयी झाला.

गतविजेता असताना याच शर्यतीत प्राण गमावणारा व्हुकोविच हा दुसरा चालक होता. त्याआधी १९३८ चा विजेता फ्लॉइड रॉबर्ट्स १९३९ च्या शर्यतीत मृत्युमुखी पडला होता.

मृत्यूनंतरचे पडसाद

१९५५ हे वर्ष जागतिक मोटारशर्यतींच्या इतिहासातील सर्वांत काळे वर्ष मानले जाते. व्हुकोविचच्या मृत्यूच्या चार दिवस आधी, २६ मे रोजी, दोन वेळचा विश्वविजेता अल्बेर्तो अस्कारी इटलीतील मोंझा येथे मोटारीची चाचणी घेत असताना मरण पावला होता. अस्कारीने १९५२ मध्ये फेरारी मोटारीतून इंडियानापोलिसच्या शर्यतीतही भाग घेतला होता. व्हुकोविचच्या अपघाताला दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच ११ जून रोजी फ्रान्समधील ले मान्स येथे एक मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक लोकांचा बळी गेला.

या घटनांमुळे मोटारशर्यतींवर बंदी घालावी काय, हा प्रश्न अनेक देशांत उपस्थित झाला. स्वित्झर्लंडने धावमार्गावरील शर्यतींवर बंदी घातली. अमेरिकेत सिनेटर रिचर्ड न्यूबर्गर यांनी अशा शर्यती बंद करण्याची मागणी केली. प्रवासी मोटारचालकांच्या हितासाठी स्थापन झालेल्या अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनला या खेळाशी असलेला संबंध अडचणीचा वाटू लागला. वर्षाच्या अखेरीस तिने मोटारशर्यतींचे नियमन कायमचे सोडून दिले. तिची जागा घेण्यासाठी युनायटेड स्टेट्स ऑटो क्लब या नव्या संघटनेची स्थापना झाली. १९५६ पासून इंडियानापोलिस ५०० ही शर्यत तिच्या देखरेखीखाली होऊ लागली.

व्हुकोविचच्या अपघाताचे कारण त्याची आक्रमकता नव्हती. पुढच्या मोटारीतील एक भाग तुटला आणि त्यानंतरच्या काही क्षणांत त्याच्यासमोरचा मार्ग बंद झाला. अनुभवी आणि कुशल चालकही दुसऱ्याच्या मोटारीतील दोषापुढे किती असहाय असतो, हे या अपघाताने दाखवून दिले. मोटार उलटल्यास चालकाचे रक्षण करणारी कमान, अग्निरोधक पोशाख आणि धावमार्गांची सुधारणा या गोष्टी पुढील दशकांत टप्प्याटप्प्याने आल्या.

चालकशैली आणि स्वभाव

व्हुकोविचची शैली पहिल्या फेरीपासूनच आघाडीसाठी झटण्याची होती. अनेक चालक सुरुवातीला इंजिन आणि टायर जपून ठेवत आणि अखेरच्या टप्प्यात वेग वाढवत. व्हुकोविचचा भर मात्र सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकसारखा वेग राखण्यावर असे. मिजेट शर्यतींतील अनुभवामुळे घसरणारी मोटार सावरण्यात तो निष्णात होता. शारीरिक तंदुरुस्तीला त्या काळातील शर्यतपटू फारसे महत्त्व देत नसत. व्हुकोविच मात्र नियमित व्यायाम करीत असे. १९५३ च्या उष्णतेत त्याला याचा स्पष्ट लाभ झाला.

तो मितभाषी होता. वार्ताहरांशी बोलणे, समारंभांना उपस्थित राहणे आणि प्रसिद्धी या गोष्टींचा त्याला कंटाळा होता. त्यामुळे तो तुसडा असल्याचा समज पसरला. निकटवर्तीयांमध्ये मात्र तो कुटुंबवत्सल आणि मिश्कील म्हणून ओळखला जात असे. इंडियानापोलिसच्या विजयांनंतरही त्याने फ्रेस्नो सोडले नाही.

विश्व अजिंक्यपदातील स्थान

व्हुकोविचने युरोपातील एकाही ग्रां प्री शर्यतीत भाग घेतला नाही. तरीही विश्व अजिंक्यपदाच्या नोंदींत पाच शर्यती, दोन विजय, एक पहिले प्रारंभस्थान, तीन सर्वांत वेगवान फेऱ्या आणि १९ गुण अशी त्याची कामगिरी दिसते. युरोपीय आणि अमेरिकन शर्यतींचे नियम, मोटारी आणि चालक वेगवेगळे होते. अगदी मोजके चालक दोन्हीकडे भाग घेत. त्यामुळे केवळ या आकड्यांवरून त्याची तुलना समकालीन युरोपीय चालकांशी करणे योग्य ठरत नाही. त्याच्या श्रेष्ठत्वाचे खरे मोजमाप इंडियानापोलिसच्या मार्गावरच होते.

कुटुंब आणि वारसा

व्हुकोविचच्या पश्चात पत्नी एस्थर, एक मुलगी आणि एक मुलगा असा परिवार होता. मुलगा बिल व्हुकोविच दुसरा हाही शर्यतपटू झाला. १९६८ मध्ये इंडियानापोलिस ५०० मधील सर्वोत्तम नवोदित चालक म्हणून त्याची निवड झाली आणि १९७३ मध्ये त्याने या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला. नातू बिल व्हुकोविच तिसरा यालाही १९८८ मध्ये सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळाला. इंडियानापोलिस ५०० मध्ये एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्या उतरण्याची ती पहिलीच वेळ होती. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील बेकर्सफिल्डजवळील मेसा मरीन धावमार्गावर झालेल्या अपघातात या नातवाचाही मृत्यू झाला.

बिल व्हुकोविचचा समावेश १९७२ मध्ये इंडियानापोलिस मोटर स्पीडवेच्या, १९९१ मध्ये इंटरनॅशनल मोटरस्पोर्ट्सच्या आणि १९९२ मध्ये मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेम ऑफ अमेरिकाच्या सन्मान दालनात करण्यात आला. विजेत्यांचे चेहरे कोरलेल्या बोर्ग-वॉर्नर करंडकावर त्याची मुखाकृती दोनदा आहे. फ्रेस्नो शहरात त्याचे स्मारक आहे.

इंडियानापोलिस ५०० मधील कामगिरी

१९५१: प्रारंभस्थान २०, आघाडीच्या फेऱ्या ०, २९ फेऱ्यांनंतर तेलाच्या टाकीतील बिघाडामुळे बाद.
१९५२: प्रारंभस्थान ८, आघाडीच्या फेऱ्या १५०, १९१ फेऱ्यांनंतर सुकाणू निकामी, क्रमांक १७.
१९५३: प्रारंभस्थान १, आघाडीच्या फेऱ्या १९५, विजयी.
१९५४: प्रारंभस्थान १९, आघाडीच्या फेऱ्या ९०, विजयी.
१९५५: प्रारंभस्थान ५, आघाडीच्या फेऱ्या ५०, ५६ फेऱ्यांनंतर प्राणघातक अपघात.